हातपाय कायम गार – आधी तपासायचं काय?

निशिगंध | १८ नोव्हेंबर, रात्री १०:५२

मंडळी, माझे हात आणि पाय बारा महिने गार असतात. थंडी पडली म्हणून लिहितेय असं नाही, एप्रिलमध्येही ऑफिसात बोटं इतकी गारठतात की कीबोर्डवर चुका व्हायला लागतात. वय ३६, मुक्काम पुणे, वजन बेताचं, बाकी धडधाकट (म्हणजे तसं मला वाटतं). लहानपणापासून थोडं होतंच, पण गेल्या वर्षभरात खूप वाढलंय.

सासूबाईंचं निदान: अंगात रक्त नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीचं निदान: थायरॉइड. जिमच्या ट्रेनरचं निदान: तुम्ही जिमला येत नाही. नवऱ्याचं निदान नाही, फक्त रात्री पाय त्याच्या बाजूला न्यायचे नाहीत असा वटहुकूम आहे.

डॉक्टरकडे जाणार आहेच. पण तुमच्यापैकी कुणाला हा त्रास असेल तर शेवटी कारण काय निघालं? की ही आपली प्रकृतीच म्हणून सोडून द्यायचं?

---

भटका_वाघोबा | १८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

नवऱ्याचा वटहुकूम घटनाबाह्य आहे. दाद मागा.

---

चिंचगूळ | १८ नोव्हेंबर, रात्री ११:३१

मैत्रिणीच्या बाजूने एक मत. मलाही हेच होतं. सोबत केस गळणं, बद्धकोष्ठ, खाणं तेवढंच असून वजन वाढणं आणि दुपारी तीनला डोळे मिटायला लागणं. सगळं वयावर ढकलत होते. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केली तर ३८, म्हणजे खूपच जास्त! गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत मी पंखा लावून झोपायला लागले, घरच्यांना आश्चर्य वाटलं.

गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घ्यायची नाही, चार तासांचं अंतर ठेवायचं. हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलंच नव्हतं.

---

सदाशिव_पेठी_नाना | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:४८

आमच्या वेळी टीएसएच नव्हतं. गार पाय म्हटलं की आजी काशाची वाटी आणि तूप घेऊन बसायची. तळपाय घासून काळेभोर व्हायचे आणि झोप लागायची. आता कुणाच्या घरी काशाची वाटी आहे? आहे ती माळ्यावर.

---

वाती | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

नाना, काशाची वाटी तळव्यांची आग होते त्यासाठी ना? इथे उलटी तक्रार आहे.

---

सदाशिव_पेठी_नाना | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:२२

आजी दोन्हींसाठी घासायची. आजीला विचारायची हिंमत कुणात होती!

---

सुगरणीचा_खोपा | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

निशिगंध, सासूबाईंना हसण्यावारी नेऊ नकोस. आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं हाच नियम झालाय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये ॲनिमिया सापडला होता. महाराष्ट्रात ५४.२ टक्के. म्हणजे तुझ्या ऑफिसात डोळे मिटून बोट दाखवलंस तरी निम्म्या वेळा बरोबर ठरेल.

रोज बीट, गूळ-शेंगदाणे आणि अळिवाचे लाडू सुरू कर.

---

तर्कट | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

अळीव मान्य. बीट का? बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं या हिशेबाने टोमॅटो केचपनेही वाढायला हवं. बिटात लोह फारसं नसतं. गुळात थोडं असतं, पण रक्त भरून निघेल इतका गूळ खाल्ला तर साखरेचा धागा काढावा लागेल. त्यापेक्षा जेवणानंतर लगेच चहा ढोसायची सवय सोडा. चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळा, त्याने लागतं.

---

सुगरणीचा_खोपा | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:५२

बीट चविष्ट असतं म्हणून. खुश?

---

डॉ_काटेकोर | १९ नोव्हेंबर, दुपारी २:३०

इथे कुणाचं निदान करणार नाही, तो वायदा नेहमीचाच. पण हे होतं कसं ते सांगतो, म्हणजे पुढची चर्चा बिटावर अडकणार नाही.

मेंदू, हृदय, यकृत यांचं तापमान सदतीस अंशांच्या आसपास टिकवणं हे शरीराचं पहिलं काम. तळहात, तळपाय, नाक, कानाच्या पाळ्या इथल्या त्वचेत धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या बारीक वाटा असतात. त्या उघडल्या की भरपूर रक्त त्वचेत येतं आणि उष्णता बाहेर जाते. थंडी वाजली, भीती वाटली, ताण आला की त्या मिटतात आणि आतली ऊब आत राहते. हातपाय गार पडणं हा मुळात बिघाड नाही, कामकाज आहे. काहींच्या वाटा जरा जास्तच तत्पर असतात, त्यातही बायकांच्या आणि सडपातळ माणसांच्या. त्यांना काहीही झालेलं नसतं.

यातच एक उपाय दडलाय. नुसते हातमोजे घालून हात गरम होत नाहीत, कारण रक्ताला तिकडे पाठवायचं की नाही हे धड गार आहे की उबदार यावर ठरतं. आधी अंगात बंडी-स्वेटर, कान-डोकं झाकलेलं, मग हातमोजे.

आता काळजी कधी करायची? मी पेशंटला हे विचारतो: दोन्ही बाजूंना सारखं आहे की एकाच? रंग बदलतो का? आत्ताच सुरू झालंय किंवा अचानक वाढलंय का? नुसतं गार लागतं, की बधिर होतं, दुखतं, जखम भरत नाही? आणि कोणती औषधं चालू आहेत? या उत्तरांवर पुढच्या तपासण्या ठरतात. साधारण हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच, साखर आणि बी१२ इथून सुरुवात होते. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ॲनिमिया म्हणतात. पण हिमोग्लोबिन काठावर असतानाच लोहाचा साठा रिकामा झालेला असू शकतो, म्हणून फेरिटिन.

---

टोरांटोची_वहिनी | १९ नोव्हेंबर, रात्री ८:०५

डॉक्टरांच्या 'रंग बदलतो का' वरून लिहिते.

मला इथे येऊन दुसऱ्या हिवाळ्यात सुरू झालं. बाहेर उणे वीस असताना नव्हे, घरात! फ्रीझरमधून मटारची पिशवी काढली आणि उजव्या हाताची मधली दोन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी. रेघ मारल्यासारखी हद्द, एका बाजूला माझं बोट, दुसऱ्या बाजूला कुणा परक्याचं. चिमटा काढला तर कळेना. दहा मिनिटांनी निळसर झाली, मग लालबुंद होऊन अशी ठणकली की डोळ्यांत पाणी आलं.

याला रेनो फिनॉमेनन म्हणतात. मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं होतं. बोटांच्या बारीक धमन्या गरजेपेक्षा जास्त आवळतात. बहुतेकांना तेवढंच असतं, त्यामागे दुसरा आजार नसतो आणि सुरुवातही तरुणपणी होते. पण उशिरा सुरू झालं, बोटांच्या टोकांना जखमा होऊ लागल्या, कातडी ताठ व्हायला लागली, सांधे दुखायला लागले तर ल्युपस, स्क्लेरोडर्मा असलं काही (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते ते आजार) मागे आहे का ते बघतात. माझी एएनए ही त्यासाठीची रक्ततपासणी झाली आणि डॉक्टरांनी नखांच्या मुळाशी दुर्बिणीतून केशवाहिन्या पाहिल्या. काही निघालं नाही.

गोळी घेत नाही (गरज पडली तर रक्तदाबाच्या गटातली निफेडिपीन देतात म्हणे). फ्रीझरच्या दारावर हातमोजे लटकवलेत. पाहुणे विचारतात, मी मटारकडे बोट दाखवते.

---

निफाडकर | १९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आमच्याकडे पारा खाली गेला की पेपरात फोटो येतो आणि पुण्या-मुंबईचे लोक 'वा, काय गुलाबी थंडी' म्हणतात. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो, मणी तडकतात नाहीतर. गारठ्यात पाण्याचा पाइप उचलला की बोटांना जे होतं ते रेनो का फिनो माहीत नाही. पण पायांच्या बोटांना लाल गाठी येतात, रात्री पांघरुणात ऊब मिळाली की इतक्या खाजतात की उठून बसावं लागतं. ते काय?

---

डॉ_काटेकोर | १९ नोव्हेंबर, रात्री १०:१२

@निफाडकर, वर्णनावरून चिलब्लेन. ओल्या थंडीत होतं. पाय कोरडे ठेवा, ओले मोजे लगेच बदला. आणि गारठलेले पाय थेट शेकोटीवर किंवा कढत पाण्यात धरू नका, त्याने वाढतं. हळूहळू गरम करा. फोड आले किंवा जखम झाली तर दाखवा.

---

वाती | १९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

शेकोटीवरून आठवलं, शेगडी पेटवून खोलीची दारं-खिडक्या बंद करून कृपया कुणी झोपू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, झोपेतून जाग येत नाही. दर हिवाळ्यात अशी बातमी येतेच.

---

वातपित्तकफ | २० नोव्हेंबर, सकाळी ७:०२

शीतगुण हा वाताचा. वातप्रकृतीची माणसं सडपातळ, त्वचा कोरडी, झोप सावध, हातपाय थंड. तीळतेलाने अभ्यंग, सुंठ घातलेलं दूध, जेवण गरम आणि वेळेवर, रात्री जागरण नको. महिनाभर करून बघा.

---

तर्कट | २० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

आणि महिनाभरात टीएसएच ३८ वरून किती होतो?

---

वातपित्तकफ | २० नोव्हेंबर, सकाळी ७:४१

मी तपासणी करू नका असं कुठे म्हटलं? मीही माझ्या रुग्णांना थायरॉइड करायला सांगतो. तेल लावल्याने नुकसान काय झालं ते सांगा.

---

भटका_वाघोबा | २० नोव्हेंबर, सकाळी ७:५०

चादरीचं.

---

गल्लीतला_मास्तर | २० नोव्हेंबर, दुपारी १२:१५

थट्टा चालू द्या, पण डॉक्टरांचं 'दोन्ही बाजूंना की एकाच' हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावेन.

माझा थोरला भाऊ. वय तेव्हा चाळिशीच्या आत, बिडी सोळाव्या वर्षापासून. फक्त डावा पाय गार. चालताना पोटरीत गोळा यायचा, थांबला की जायचा, पुन्हा चालला की पुन्हा. आम्ही कंबरेची शीर म्हणून मालीश करत बसलो. मग अंगठ्याच्या नखाशेजारी गव्हाएवढी जखम झाली. मलम लावलं, हळद लावली, ती काही भरेना आणि रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत सोडल्याशिवाय त्याला झोप लागेना. शेवटी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे नेलं. त्यांनी घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना केली, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केलं. बुर्गर्स डिसीज. तंबाखूने हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून बंद होतात, आणि होतो तो बहुतेक तरुण पुरुषांना.

सर्जन म्हणाले, औषधं मी देईन, पण बिडी चालू राहिली तर पुढच्या वेळी मी पाय मागेन. भावाने त्या दिवशी सोडली. अंगठा गेला, पाय वाचला.

---

चिंचगूळ | २० नोव्हेंबर, दुपारी १२:४०

बाप रे. मास्तर, भावाला सलाम. सोळाव्या वर्षापासूनची बिडी एका दिवसात सोडणं सोपं नाही.

---

कोल्हापुरी_रस्सा | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

आमच्या आईचं वेगळंच. मधुमेह बरीच वर्षं. सारखी म्हणायची, पाय गार पडलेत. हात लावून बघितलं तर आमच्याइतकेच गरम! आम्हाला वाटायचं वयाने म्हणते. एका रात्री तिने रबरी पिशवीत कढत पाणी भरून पायाशी घेतली. सकाळी टाचेवर हा एवढा फोड, आणि तिला पत्ता नाही. आम्ही दाखवला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून 'कळतंय का' विचारलं, निम्म्या ठिकाणी नाही म्हणाली. नसा गेल्या होत्या, म्हणून गार 'वाटत' होते. ती जखम भरायला तीन महिने गेले. मधुमेह असलेल्यांनी पिशवी, हीटर, गरम पाण्याची बादली, काही नको. लोकरी मोजे घाला आणि रोज रात्री तळपाय डोळ्यांनी बघा.

---

सुगरणीचा_खोपा | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

वातावरण फार गंभीर झालं म्हणून गार हातांचा एक फायदा सांगते. लोणी काढायला आणि चिरोट्यांचा साटा लावायला गार हातच हवेत. माझ्या हातांत साटा वितळून पोळपाटावर येतो, जावेचे हात गार, तिच्या चिरोट्यांना असे पदर सुटतात की बघत राहावं. निशिगंध, दिवाळीला कुठे असतेस?

---

निशिगंध | २० नोव्हेंबर, रात्री ९:२०

चिरोटे खायला कुठेही असते. :)

सगळ्यांचे आभार, सगळं वाचतेय. डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं: दोन्ही बाजूंना सारखं, रंग पांढरा वगैरे होत नाही, बधिर नाही. औषध म्हणाल तर मायग्रेनसाठी एक रोजची गोळी आहे, डोकं दुखू नये म्हणून. साधारण दीड वर्ष झालं. तिचा काही संबंध नसावा.

---

नाक्यावरचा_केमिस्ट | २० नोव्हेंबर, रात्री ९:२८

गोळीचं नाव 'लॉल'ने संपतं का?

---

निशिगंध | २० नोव्हेंबर, रात्री ९:३३

पाकीट बघून आले. प्रोप्रॅनोलॉल. हो!

---

नाक्यावरचा_केमिस्ट | २० नोव्हेंबर, रात्री ९:४९

हा बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती आणि रक्तदाब कमी करणाऱ्या गटातला. हातपाय गार पडणं हा त्याचा अगदी नेहमीचा दुष्परिणाम, पाकिटातल्या चिठ्ठीवरही असतो. ती चिठ्ठी कुणी वाचत नाही, तिच्यात लोक लवंग-वेलदोडे बांधतात. रक्तदाबाची ॲटेनोलॉलही त्याच घरातली. शिवाय मायग्रेनच्या जुन्या अर्गोटच्या गोळ्या आणि चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यासुद्धा रक्तवाहिन्या आवळतात.

पण ताई, आज रात्री मनाने बंद करू नका. बीटा ब्लॉकर एकदम सोडला तर छातीची धडधड, रक्तदाब उसळणं असे प्रकार होतात. ज्यांनी दिली त्यांनाच विचारून हळूहळू कमी करायची असते.

---

डॉ_काटेकोर | २० नोव्हेंबर, रात्री १०:०५

केमिस्टसाहेबांशी शब्दशः सहमत. 'वर्षभरात वाढलं' आणि 'दीड वर्षापासून गोळी' हे जुळतंय. तरी रक्ताच्या तपासण्या करून घ्या, एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसतंच असं नाही.

---

हॉस्टेलची_आई | २१ नोव्हेंबर, सकाळी १०:००

इथेच विचारते. लेक एकोणीस वर्षांची, हॉस्टेलला. सुट्टीत आली तर हात बर्फ, ३६ डिग्रीत स्वेटर. वजन बरंच उतरलंय, 'डाएट' म्हणते, जेवताना ताटात घोळवत बसते. पाळीही दोन-तीन महिने नाही. थायरॉइड नॉर्मल आलं.

---

डॉ_काटेकोर | २१ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

ताई, यात गार हात सगळ्यात कमी महत्त्वाचे. वजन उतरणं, पाळी थांबणं आणि जेवण टाळणं हे एकत्र आलं की शरीर उपाशी असतं आणि ऊब वाचवतं. या सुट्टीतच फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघांनाही दाखवा. तिला रागावून जेवायला घालू नका, त्याने ती आणखी लपवेल.

---

हॉस्टेलची_आई | २१ नोव्हेंबर, सकाळी १०:५८

सोमवारची वेळ घेतली. धन्यवाद.

---

पिल्लूची_आई | २२ नोव्हेंबर, रात्री १:१५

जागं आहे का कुणी? मुलगा ४ वर्षांचा, ताप १०२, कपाळ तापलंय पण हातपाय गार. पांघरूण घालू की काढू?

---

डॉ_काटेकोर | २२ नोव्हेंबर, रात्री १:२४

ताप चढत असताना हातपाय गार पडतात, ते बहुतेक वेळा साधंच असतं. हुडहुडी असेल तर हलकं पांघरूण, ताप चढून अंग तापलं की काढा. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, पाणी पाजत राहा. लघवी होतेय का, हाक मारली की नीट बघतोय का, श्वास भराभर चाललाय का ते बघा. मूल निपचित असेल किंवा त्वचेवर डाग दिसले तर सकाळची वाट बघू नका.

डेंगीचे दिवस आहेत म्हणून एक लक्षात ठेवा: ताप उतरल्यानंतर हातपाय गार आणि चिकट झाले, पोट दुखतंय, उलट्या होताहेत, मूल झोपाळलंय, तर तिथल्या तिथे हॉस्पिटल. त्या वेळी 'ताप उतरला' म्हणून हुश्श करायचं नसतं.

---

पिल्लूची_आई | २२ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

रात्री पाणी प्यायला, शूसुद्धा झाली. आता बिस्किट मागतोय. दहाला डॉक्टरांकडे नेतेय.

---

घामाघूम | २३ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

माझे तळहात गार आणि वर घामाने ओले. मुलाखतीत हस्तांदोलन केलं की समोरचा माणूस रुमाल शोधतो. तपासण्या सगळ्या नॉर्मल.

---

टोरांटोची_वहिनी | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

घाम सुकताना हात आणखी गार होतात, त्यात मुलाखतीचा ताण. त्वचारोगतज्ज्ञांना विचारा, तळव्यांच्या जास्तीच्या घामावर लावायची औषधं असतात. तोवर नमस्कार करा, आपली पद्धत काही वाईट नाही.

---

निशिगंध | ९ डिसेंबर, रात्री १०:१०

अपडेट देते, कारण धागा काढून गायब होणाऱ्यांवर मीच आजवर टीका केलीय.

टीएसएच २.९, साखर आणि बी१२ ठीक. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ८. म्हणजे सासूबाई जिंकल्या. त्यांनी रिपोर्ट चष्मा लावून दोनदा वाचला आणि शेजारी फोन केला. न्यूरॉलॉजिस्टनी प्रोप्रॅनोलॉल हळूहळू कमी करून बदलायचं ठरवलंय, म्हणजे केमिस्टसाहेबही जिंकले. लोहाच्या गोळ्या सुरू. लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा तासभर लांब ठेवते (हे सगळ्यात अवघड).

फरक? पाय थोडे बरे वाटतात, हात अजून तसेच.

---

सुगरणीचा_खोपा | ९ डिसेंबर, रात्री १०:३०

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. अळिवाचे लाडू पाठवते, तर्कट यांनीही मान्यता दिलेली आहे.

---

तर्कट | ९ डिसेंबर, रात्री १०:३४

बीट घातलेले नसतील तर मलाही पाठवा.

---

डॉ_काटेकोर | १० डिसेंबर, सकाळी ७:१५

हात लगेच बदलणार नाहीत. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वर येतं, साठा भरायला महिने लागतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. शौचाचा रंग काळा होईल, घाबरू नका. आणि एक गोष्ट राहिलीच: लोह गेलं कुठे? या वयात बहुतेक वेळा पाळीत रक्तस्राव जास्त असतो. ते कुणी विचारलं का?

---

निशिगंध | १० डिसेंबर, सकाळी ७:५०

नाही विचारलं. आणि हो, आहे जास्त. इथे चारचौघांत नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते तुम्हाला.

---

डॉ_काटेकोर | १० डिसेंबर, सकाळी ८:०२

व्यनि नको. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या.